कितवा दिवस?

आमच्या करमाळ्याच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असायच्या. घरात कुणी अंथरूण धरलं की आजी चुलीतला विझलेला कोळसा घ्यायची आणि खाटेच्या उशाशी, पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर, रोज दिवेलागणीला एक रेघ ओढायची. मुदतीच्या तापाचे दिवस मोजायची ती पद्धत. सातवा दिवस, चौदावा दिवस, एकविसावा दिवस. ताप कुठल्या दिवशी उतरणार याची घरभर चर्चा असायची. आजी मात्र तापालाच नव्हे, कुठल्याही दुखण्याला रेघा ओढायची. डॉक्टर आले की आधी भिंतीकडे बघायचे आणि मग आजाऱ्याकडे. माणूस उठून बसला, भाकरी मागू लागला, की रेघांवरून सारवणाचा हात फिरायचा. तो हात फिरला म्हणजे दुखणं संपलं असं आम्ही पोरं समजायचो.

आता त्या भिंती नाहीत. त्या जागी सिमेंटच्या भिंती आहेत, त्यांवर धुता येणारा रंग आहे. घरातल्या पोरांच्या मनगटावर घड्याळं आहेत. ती पावलं मोजतात, काळजाचे ठोके मोजतात, झोप मोजतात. दुखणं किती दिवसांचं हे विचारलं की पोरं म्हणतात, "आहे असंच, दोन-चार दिवस." दोन आणि चारमध्ये किती अंतर असतं, हे आमच्या घराला दोनदा कळलं आहे. एकदा १९७४ साली आणि एकदा गेल्या नवरात्रात.

आम्ही साठच्या आगेमागे जन्मलेली माणसं. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत सुकडी खाल्लेली. आमच्या लहानपणी पोटदुखीला नावं किती होती! कळ, चमक, मुरडा, तडस, गोळा, वायगोळा, पोट डब्ब होणं, पोटात खड्डा पडणं, बेंबी सरकणं. कळ यायची आणि जायची, गोळा उठायचा आणि फिरायचा, मुरडा परसाकडं पळवायचा. नुसतं "पोट दुखतंय" म्हणून कुणाची सुटका नव्हती. आजी विचारायची, "कुठं दुखतंय? बोट ठेव. खाल्ल्यावर वाढतं का उपाशी असताना? दुखून मोकळं होतं का तसंच ठुसठुसत राहतं?" उत्तर नीट आलं नाही तर ती पुन्हा विचारायची.

आणि नाव ठरलं की उपाय ठरलेला. वायगोळ्याला हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लेप. चमकेला तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी. बेंबी सरकली असेल तर पोटावर पेटती पणती ठेवून तिच्यावर तांब्या पालथा घालायचा. तांब्या पोटाला घट्ट चिकटायचा आणि आम्ही श्वास रोखून बघत राहायचो. कशानंच राहिलं नाही तर मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. ठसका आला नाही तर दृष्ट होती हे पक्कं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी होती, तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. ती एरंडेल लावून पोट चोळायची. चोळताना ती आजाऱ्याशी सारखं बोलायची, गावातल्या कुणाकुणाची विचारपूस करायची, आणि बोलता बोलता माणसाला झोप लागायची. तो हात मला आजही आठवतो. खडबडीत, तेलकट, ऊबदार.

आताच्या पोरांकडे पोटदुखीला एकच नाव आहे, ॲसिडिटी. आणि एकच उपाय, गोळी. ती गोळी चांगली आहे, तिनं कैक जणांचा जठराचा व्रण बरा केला, ऑपरेशनं टळली. आमच्या वेळी जठराचा व्रण फुटून माणसं जायची. गोळीबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती कुणालाही न सांगता घेता येते, याबद्दल आहे.

१९७४ च्या जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत, आमच्या थोरल्या चुलत्यांचं पोट दुखायला लागलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. वय अडतीस. उंच, काटक, दोन बैलजोड्या एकट्यानं सांभाळणारा माणूस. आदल्या दिवशी शेतात हुरडा खाल्लेला, त्यामुळे पहिल्याच दिवशी निदान होऊन गेलं. हुरडा बाधला. पहिली रेघ आजीनं त्याच दिवशी ओढली.

तिसऱ्या रेघेपर्यंत आप्पा हिंडत-फिरत होते. चौथ्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. खाल्लं की जास्त दुखतं म्हणाले. सहाव्या दिवशी म्हातारी येऊन पोट चोळून गेली. सातव्या दिवशी एरंडेल दिलं. आठव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांना बोलावणं गेलं.

डॉक्टर घरी येणं हा तेव्हा एक सोहळा असायचा, दुःखाच्या दिवसातलाही. कातडी पिशवी उचलून आणायचा मान घरातल्या मोठ्या पोराचा. स्पिरिटच्या दिव्यावर पितळी डबीत सुई उकळायची, त्या वासानंच आम्ही दाराआड जायचो. डॉक्टर खाटेवर बसायचे, आजाऱ्याच्या शेजारी, आणि हात पोटावर ठेवून बराच वेळ काही बोलायचे नाहीत. मग धाकटी सून अंगणात त्यांच्या हातावर तांब्यातून पाणी ओतायची. त्यासाठी ट्रंकेत एक ठेवणीतला साबण असायचा आणि एक कोरा पंचा. औषधाला बाटली आपलीच न्यायची. कंपाउंडर तीत गुलाबी मिक्श्चर भरून बाजूला कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक वेळ.

आप्पांच्या पोटावर हात ठेवून डॉक्टर म्हणाले, "पोट तर मऊ आहे." ते वाक्य घरात सगळ्यांना दिलाशाचं वाटलं. आप्पा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होते आणि आम्ही एकमेकांना सांगत होतो, पोट मऊ आहे, काळजीचं कारण नाही. अकराव्या दिवशी परसाकडला रक्त पडलं, त्याला आम्ही आव म्हणालो. तेराव्या दिवशी मऊ असलेलं पोट फुगलं आणि फळीसारखं कडक झालं. मग जीप, जीपमधून जेऊरचं स्टेशन, तिथून सोलापूरकडे जाणारी गाडी. मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं तेव्हा हातभराहून जास्त आतडं काळं पडलेलं होतं. पंधरावा दिवस उजाडला नाही.

भिंतीवर चौदा रेघा राहिल्या. त्या रेघांवरून आजीनं दिवाळीपर्यंत सारवण फिरवलं नाही.

गावानं कारणं शोधली. कुणी हुरड्याला दोष दिला, कुणी करणी म्हणालं, कुणी देवीच्या माळावरच्या कमलाभवानीचा फेडायचा राहिलेला नवस काढला. आम्ही वर्षानुवर्षं म्हणत राहिलो, त्या काळी माणसं माणसाला किती जपायची. खरंच जपायची. चौदा दिवस आप्पांच्या खाटेभोवती रात्री माणूस नाही असं झालं नाही. शेजारच्या घरातून मुगाच्या पाण्याची वाटी यायची, पेज यायची, पलीकडच्या आळीतल्या बायका देवाचा अंगारा घेऊन यायच्या. आप्पा मात्र वाचले नाहीत. पोटाच्या चोळण्यात आणि एरंडेलात सात दिवस गेले आणि ते सात दिवसच मोलाचे होते. हे लिहिताना मला त्या म्हातारीचा, आजीचा, कुणाचाही राग येत नाही. पण त्या दिवसांचं गुणगान करताना घास अडतो.

आप्पांना काय झालं होतं ते आता सिद्ध करायला कुणी उरलं नाही, कागदही उरला नाही. पण गेल्या नवरात्रात त्यांच्याच नातवाला, माझ्या पुतण्याला, जे झालं त्याला नाव आहे. आतड्याच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणं, मेसेंटरिक व्हेन थ्रॉम्बोसिस. ते नाव फाइलवर वाचलं आणि मला पन्नास वर्षांपूर्वीची भिंत दिसली.

हा आजार आमच्या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला सोपा आहे. उजनी धरणाचं पाणी आलं आणि आमच्या तालुक्यात ऊस आला, केळी आली. त्याबरोबर चिबड जमिनीही आल्या. पाणी येतं, निचरा होत नाही. पिकाची मुळं पाण्यातच कुजतात. आतड्याचंही तसंच होतं. रोहिणीतून, म्हणजे रक्त आणणाऱ्या वाहिनीतून, रक्त येत राहतं. पण आतड्यातून यकृताकडे रक्त घेऊन जाणारी शीर गुठळीनं बंद झालेली असते. आलेलं रक्त जायला वाट नाही. आतड्याची भिंत सुजते, पाणी धरते, पोटात पाणी झिरपतं, आतून रक्त पाझरतं आणि निचरा फार काळ तुंबला तर आतड्याचा तो तुकडा मरतो.

रोहिणी एकदम बंद झाली तर माणूस काही तासांत धोक्यात येतो. शीर बंद होते तेव्हा दुखणं बहुधा हळूहळू चढतं, दिवसांमागून दिवस, कधी आठवडे. म्हणूनच ते फसवतं. माणूस तळमळत असतो आणि हाताला पोट मऊ लागतं. दुखणं मोठं आणि हाताला काहीच लागत नाही, हीच या आजाराची जुनी ओळख आहे. हात लावल्यावर पोट कडक लागायला लागलं म्हणजे बहुतेक वेळा आत आतडं मरू लागलेलं असतं. आमच्या घरानं १९७४ साली जो दिलासा मानला, तीच धोक्याची खूण होती.

आणि करमाळ्याला सोडा, तेव्हा जगालाच फारसं माहीत नव्हतं. गॅंगरीन झालेलं आतडं काढून रोगी वाचवल्याचं बोस्टनच्या इलियट या सर्जननं १८९५ साली लिहिलं होतं. शिरांतली गुठळी हा रोहिणीपेक्षा वेगळा आजार आहे हे वॉरन आणि एबरहार्ड यांनी १९३५ साली नीट मांडलं. पण पोट न उघडता ती गुठळी बघायची सोपी सोय नव्हती. लंडनमध्ये पहिल्या रोग्याचं सीटी स्कॅन १९७१ साली झालं होतं, तेही मेंदूचं. रक्त गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन सी नावाचं एक प्रथिन शरीरात असतं. त्याला ते नाव १९७६ साली मिळालं आणि ते कमी असलं तर घराण्यात गुठळ्या होतात हे १९८१ साली समजलं. म्हणजे आप्पा गेले तेव्हा, त्यांच्यात जे कमी होतं असं आज आम्हाला वाटतं, त्याला अजून हे नावही मिळालेलं नव्हतं.

पुतण्याची गोष्ट मात्र नाव असलेल्या काळातली आहे. वय एकोणतीस, पुण्यात नोकरी, दोन मित्रांबरोबर फ्लॅट. पोट दुखू लागलं तेव्हा त्यानं कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगायला कुणी नव्हतं. मित्रांच्या पाळ्या वेगळ्या, झोपायच्या वेळा वेगळ्या. आईचा फोन यायचा, तो "जेवलो" म्हणायचा. कुणीतरी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं, थोडं बरं वाटलं. मी त्या डॉक्टरला दोष देत नाही. पोटदुखीच्या शंभर माणसांत एकालाही हा आजार नसतो. घटस्थापनेला तो एसटीनं करमाळ्याला आला, तेव्हा वाळलेला होता आणि हसत होता.

माझी आई आता पंच्याऐंशीची आहे. तिनं त्याच्या ताटाकडे बघितलं. अर्धी भाकरी तशीच होती.

"कितवा दिवस रे?" तिनं विचारलं.

"काय कितवा, आज्जी?"

"दुखण्याचा."

"झाले असतील तीन-चार."

"मोजून सांग."

त्याला मोजता येईना. मग त्यानं फोन काढला. ॲसिडिटीच्या गोळ्यांचे पैसे त्यानं मेडिकलवाल्याला फोनवरून दिले होते, त्याची तारीख सापडली. त्याआधी दोन रात्री मागवलेलं जेवण त्यानं टाकून दिलं होतं, तीही तारीख सापडली. आईनं बोटाच्या पेरांवर मोजलं आणि म्हणाली, "नववा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आप्पांच्या नवव्या दिवशी डॉक्टर येऊन गेल्याला एक दिवस झाला होता. पोट मऊ आहे म्हणाले होते."

मी उठलो. कोळशाच्या रेघा फोनमध्येही होत्या. त्या वाचणारं माणूस तेवढं नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं. पण नाडी जलद होती आणि पोरगा पलंगाच्या कडेला मूठ आवळून बसला होता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, किती दिवस, आणि घरात असं पूर्वी कुणाला झालं होतं का. आईनं चौदा रेघा सांगितल्या. ते म्हणाले, "साध्या सोनोग्राफीवर थांबू नका, पोटात वायू असला की तिच्यात शिरा दिसत नाहीत. शिरेतून औषध देऊन करायचा सीटी स्कॅन लागेल, आणि तो आजच." आम्ही टेंभुर्णीवरून सोलापूर गाठलं. आप्पांना एक दिवस आणि अर्धी रात्र लागलेली ती वाट आम्ही संध्याकाळपर्यंत कापली.

सीटीच्या पडद्यावर यकृताकडे जाणारी मोठी शीर मधोमध काळी दिसत होती आणि तिला मिळणारी आतड्याची शीरही. आतडं सुजलेलं होतं, पण मेलेलं नव्हतं. त्याच रात्री हिपॅरिन सुरू झालं. तोंडानं काही नाही, सलाइन, आणि दर काही तासांनी सर्जन येऊन पोटावर हात ठेवून जायचे. कडक झालं तर उघडायचं, नाही झालं तर थांबायचं. त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती मला मोलाची वाटली. हिपॅरिन गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही; मग शरीर हळूहळू आपली वाट आपण मोकळी करतं, किंवा बाजूनं नवी काढतं. पाचव्या दिवशी दुखणं उतरलं. सातव्या दिवशी त्यानं मुगाचं पाणी प्यायलं. पोट उघडावं लागलं नाही.

इथं मला त्या जुन्या घराची सगळ्यात जास्त आठवण आली. पोरगा आयसीयूत होता, आम्ही काचेबाहेर. भेटायची वेळ सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, एका वेळी एक माणूस. हे बरोबरच आहे. आप्पांच्या खाटेभोवती वीस माणसं बसायची आणि त्यातली चार खोकत असायची. पण रात्री दोन वाजता त्या पोराला जाग आली तेव्हा त्याच्या उशाशी एक यंत्र टिकटिकत होतं आणि बोलायला कुणी नव्हतं. त्यानं नंतर सांगितलं, "मी यंत्रावरचे आकडे वाचत बसायचो." करमाळ्याहून भेटायला कुणी आलं नाही, येऊ नका असं आम्हीच कळवलं होतं. फोनवर फुलांची चित्रं आली, लवकर बरे व्हा असे निरोप आले, मदतीचे पैसेही फोनवरूनच आले. पूर्वी मोसंब्याची पिशवी यायची आणि आणणारा तासभर बसायचा. त्या तासाची भरपाई कशानं होते ते मला अजून सापडलेलं नाही.

पैशांची गोष्टही सांगितली पाहिजे. आप्पांच्या जीपसाठी, गाडीसाठी, ऑपरेशनसाठी एक बैलजोडी गेली. आता राज्याची आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आमचा सोलापूर होता. २०१४ पासून १०८ नंबरची गाडी बोलावता येते. हे सगळं असताना जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्याला मी आमच्या घरातला तो रिकामा गोठा दाखवीन.

दवाखान्यातून सुटताना पोराला वॉरफेरिनच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळीचा जन्म गोठ्यात झाला आहे, हे आमच्या घरी सगळ्यांना आवडलं. अमेरिकेतल्या थंड प्रदेशात बुरशी आलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन १९२० च्या दशकात गुरं रक्तस्रावानं मरू लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचं न गोठलेलं रक्त घेऊन, बर्फातून, विद्यापीठाच्या दारात गेला. कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञानं त्या रक्तामागचं कारण वर्षानुवर्षं शोधलं. त्यातूनच १९४८ साली उंदीर मारायचं औषध आलं आणि १९५४ साली माणसांसाठीची गोळी. पोराच्या आईनं, आमच्या वहिनींनी, हे ऐकलं आणि गोळ्यांच्या पाकिटाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या शेतकऱ्याचं बरं होवो."

आता घरात नव्या चालीरीती आल्या आहेत. दर काही दिवसांनी रक्त तपासायचं आणि आयएनआरचा आकडा दोन ते तीनमध्ये आहे का बघायचं. वर गेला तर रक्तस्राव, खाली आला तर गुठळी. मेथी, पालक बंद नाही, पण रोज साधारण तेवढंच खायचं, एकदम जास्त नाही आणि एकदम बंद नाही, कारण त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. कुणा पाहुण्यानं दिलेलं चूर्ण, काढा काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वहिनी हे सगळं कालनिर्णयच्या तारखांच्या चौकटीत लिहितात, जिथं पूर्वी दुधाचे खाडे आणि गॅसच्या टाकीची तारीख असायची.

काही महिन्यांनी, गोळी थांबवून आणि तेवढ्या दिवसांपुरतं इंजेक्शन चालू ठेवून, गुठळीच्या मुळाच्या तपासण्या झाल्या. गुठळी ताजी असताना आणि ही गोळी चालू असताना ते आकडे फसवतात म्हणून थांबावं लागलं. प्रोटीन सी कमी निघालं. त्याच्या वडलांचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचंही कमी निघालं. त्यांना आयुष्यात कधी काही झालेलं नाही. ते आप्पांकडून आलं की काकूंकडून, हे सांगता येत नाही. पोराला गोळी आता कायमची.

त्याच तपासण्यांत व्हिटॅमिन बी-१२ ही तळाला गेलेलं निघालं. आम्ही माळकरी घर, पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी, अंडंसुद्धा शिवत नाही. बी-१२ कमी असलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं आणि तेही गुठळीला हातभार लावू शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी शहरातल्या आणि खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी होतं. माळ काढायची गरज नाही. स्वस्तातली गोळी पुरते. आई ती गोळी आता तुळशीला पाणी घातल्यावर घेते.

तर, वाचणाऱ्याला माझी विनंती आहे. पोटदुखी बहुतेक वेळा साधीच असते, घाबरू नका. पण दुखणं दिवसागणिक वाढत असेल, जेवण सुटलं असेल, उलट्या असतील, परसाकडला रक्त किंवा काळं पडत असेल, आणि "पोट तर मऊ आहे" असं ऐकायला मिळत असेल, तर थांबू नका. पोट चोळून घेऊ नका, एरंडेल देऊ नका. डॉक्टरांना आतड्याच्या शिरांबद्दल स्वतःहून विचारा. घरात कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती का, कुणी तरुणपणी पोटदुखीनं गेलं होतं का, हे सांगा. यकृताचा आजार, स्वादुपिंडाची सूज, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, गर्भनिरोधक गोळ्या, यांतलं काही असेल तर तेही सांगा. आणि दूर एकट्या राहणाऱ्या पोराला फोनवर "जेवलास का" एवढंच विचारू नका. दुखतंय का विचारा, आणि हो म्हणाला तर दिवस मोजायला लावा.

पुतण्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आहे. तिचंही रक्त तपासलं, प्रोटीन सी कमी आहे. बाळंतपणाच्या वेळी आणि गर्भनिरोधक गोळ्यांच्या बाबतीत काय काळजी घ्यायची ते डॉक्टरांनी तिला लिहून दिलं. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर घरातल्या आजारांचा एक रकाना आहे. त्यात डॉक्टरांनी माझ्या आईला विचारून लिहिलं आहे: आजोबा, वय ३८, १९७४, पोटदुखी, चौदा दिवस.